घरी पाणी कोण भरतं?

प्रिय जोहरा,

फोनवर तुला काय ऐकू येत नाय. मी बोलते एक, तू नुसती हौ हौ करतीस, आणि शेवटी विचारतीस जेवलीस का. म्हणून हे लिहायला बसले. चष्मा लाव आणि सगळं वाच. अर्ध्यात उठून तुझ्या भाच्याच्या, शफीकच्या, बायकोला वाचून दाखवू नको. घाबरण्यासारखं काय नाय, हे पहिल्याच ओळीत लिहायला पायजे होतं, राहिलं, तर आता लिहिते. मी आपल्याच जुन्या दवाखान्यात हाय. बेंबीजवळचा तो गोळा, ज्याला मी गॅस म्हणत होते आणि तू हर्निया म्हणत होतीस, त्याचं ऑपरेशन झालं. हर्नियाच निघाला. टाके बरे हाईत, ताप नाय, भाकरी खाते, आपल्या पायानं मोरीपर्यंत जाते. तेव्हा रडायला-बिडायला बसू नको.

आता म्हणशील, एवढी बरी हाईस तर घरी का नाय गेलीस? तेच तर सांगायचंय. आज सकाळी डॉक्टर राउंडला आले. पोरसवदा हाय, पण हात हलका. टाके बघितले आणि म्हणले, आजी, एकदम फिट, आज सुट्टी. मी तर उठल्याबरोबर पिशवी भरून ठेवली होती. साडी बदलली होती, केस विंचरले होते, रिक्षावाल्याला फोन करून खाटेच्या काठाला जाऊन बसले होते. आणि इथली एक सिस्टर आडवी आली. शहजादी नाव तिचं, कन्नड तालुक्याची हाय. नाव शहजादी आणि पायात फटक फटक वाजणारी चप्पल. तिनं डॉक्टरांना मला एकच सवाल विचारायला लावला, मी खरं उत्तर दिलं, आणि झालेली सुट्टी अडली. रिक्षावाला खाली हॉर्न वाजवून वाजवून निघून गेला. दुपारपर्यंत तिच्याशी भांडले. भांडून काय निघंना तेव्हा तिच्याकडनंच कागद-पेन मागून घेतलं. सवाल काय होता ते पुढं येईल. तू तर वळखशीलच.

लक्ष्मी आली होती नाशिकहून, ऑपरेशनच्या दिवशी. तिचं ते नेहमीचं. आई, तू चल माझ्याकडं. आई, तुला बाई लावून देते. आई, तू ऐकत नाय. तिच्या पोरांच्या परीक्षा, तिची नोकरी, जावयाची बदली व्हायची का नाय व्हायची ते टांगलेलं. मी तिला दुसऱ्याच दिवशी गाडीत बसवून दिलं. उशाशी बसून माझं तोंड बघण्यानं टाके लवकर भरत नाईत. पोरगी जाताना रडली. मी म्हणले, रडायचं तर नाशिकला जाऊन रड, तिथं पाणी रोज येतं.

इथं शेजारच्या खाटेवर आशाबाई म्हणून एक हाय, तुझ्याच दौलताबादची. पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन. तिचा नवरा बसनं येऊन-जाऊन तिचा डबा आणतो. शफीकला चांगला वळखतो, किल्ल्याखाली दोघांच्या पेरूच्या गाड्या जवळजवळ लागतात म्हणे. हे पत्र त्याच्याच हातानं पाठवते. टपालाचा भरवसा कोण धरणार. तो सांगत होता, शफीकची आत्या, जोहराफुफी, गाडीवर येऊन बसती आणि गिऱ्हाइकाला पेरू निवडून देती, आणि शफीकला बोलती की कच्चे पेरू वर का ठेवलेस. ऐकून बरं वाटलं. पण तो हे बी म्हणाला की सुनेचं आणि तुझं स्वयंपाकघरात जमत नाय, म्हणून तू दिवसभर बाहेरच असतीस. ते तू मला फोनवर कधी सांगितलं नाय. मला तर नीट ऐकू येतं की.

इथं पडल्या पडल्या आपण दोघी सिस्टर होतो तेव्हाचा आपला वॉर्ड आठवतो. दुसरं करायचं तरी काय. वरती पंखा, बाजूला आशाबाई, आणि समोर या पोरींची धावपळ. यांच्याकडं आता सगळं यंत्र हाय, बोटाला चिमटा लावला की आकडा दिसतो. आपण मनगट धरून घड्याळाकडं बघत उभ्या राहायचो. पण सुट्टीच्या दिवशीची गडबड तीच, जोहरा. तोच गोंधळ. पेशंट म्हणतो मी चाललो, नातेवाईक म्हणतात गोळ्या कोणत्या, डॉक्टर म्हणतात खाट रिकामी का नाय झाली, आणि मधी सिस्टर.

बद्रीनाथ डॉक्टर आठवतात का? तुला नाय आठवणार तर कुणाला. राउंडला यायचे तसे वारं सुटल्यागत. मागं शिकाऊ पोरं, त्यांच्या मागं आपण, हातात केसपेपर. माणूस वाईट नव्हता. हात तर असा की टाका शोधावा लागायचा. पण कान आखूड, कुणाचं ऐकून घ्यायला थांबायचे नाईत. वॉर्डात खाटा भरलेल्या, दोन खाटांच्या मधी खाली गाद्या टाकलेल्या, व्हरांड्यात बी बाया. त्यांना खाट रिकामी पायजे असायची आणि ते बी खरंच होतं. म्हणून टाके बघितले की "सुट्टी" म्हणायचे आणि पुढच्या खाटेवर. काय खायचं, काय नाय खायचं, कधी परत यायचं, हे सगळं आपल्या गळ्यात. आपण बी मग घाईघाईनं सांगायचो आणि बाया मान हलवायच्या. मान हलवली की आपलं काम झालं.

आणि मग काय व्हायचं? एकीला सुट्टी दिली तर घरचे तिला सरळ वेरूळला घेऊन गेले. नवस बोलले होते. ओलेत्यानं प्रदक्षिणा घालायला लावली आणि संध्याकाळच्या आत टाके उसवून बाई परत. तू हसलीस, म्हणालीस तुमचं हे असंच. मग तुमच्यातली एक खुलताबादला पायऱ्या चढवून दर्ग्याला नेली आणि तशीच परत आली, तेव्हा मी हसले. तेव्हापासून तू सुट्टी झालेल्या बाईला आधी विचारायचीस, इथून सरळ कुठं जाणार. घरी जाते म्हणाली तरी विचारायचीस, मधी कुठं थांबणार. मला वाटायचं ही नसत्या चौकशा करती. मला तर झटपट काम पायजे.

मग ती मनकर्णाबाई. वेरूळच्या पुढच्या गावची, उंच, काळीसावळी, कपाळाला आडवं कुंकू. पिशवीचं ऑपरेशन झालं होतं तिचं. अंग बाहेर यायचं, कित्येक वर्षं तशीच काम करत होती. बद्रीनाथ डॉक्टरांनी लई मेहनत घेतली तिच्यावर. सुट्टीच्या दिवशी त्यांनी स्वतः तिला ताकीद दिली की वजन बिलकूल उचलायचं नाय, सहा महिने. मी बी सांगितलं, तिचा नवरा सांडू, त्याला बी सांगितलं. दोघांनी माना हलवल्या. आणि महिना बी झाला नसंल, बाई परत आली. सगळी मेहनत वाया, होतं त्याच्यापेक्षा वाईट झालेलं.

डॉक्टर असे तापले. आधी माझ्यावर. सांगितलं नव्हतं का हिला? मी म्हणले सांगितलं होतं, तुम्ही बी सांगितलं होतं. ते "तुम्ही बी" त्यांना झोंबलं. शिकाऊ पोरांच्या देखत मी उलट बोलले असं झालं, मेट्रनबाईंकडं गेलं, आणि काही दिवस राउंड झाला की मला चादरींच्या खोलीत टाकायचे. फाटक्या किती, धुवायच्या किती, ढेकणाच्या किती. ते तर तुला माहीतच हाय, तूच मला तिथं चहा आणून द्यायचीस. पण त्या दिवशी डॉक्टर मनकर्णाबाईला म्हणले, खरं सांग, काय उचललं? ती घृष्णेश्वराची शपथ घेऊन म्हणाली, काय नाय उचललं साहेब. पोतं नाय, सरपण नाय, लेकरू बी कडेवर घेतलं नाय. ते म्हणले या बाया खोटं बोलतात. आणि जोहरा, मला बी तसंच वाटलं. इथं तर दिसतंय की हिनं काहीतरी उचललंय. शपथा कशाला घेती?

तू मात्र तिच्या खाटेवर बसलीस. आपल्याला खाटेवर बसायची मनाई होती, तरी बसलीस. आणि तिला उचलण्याबिचलण्याचं काय विचारलंच नाय. म्हणालीस, घरी सकाळी उठतीस तेव्हा आधी काय करतीस, मला सगळं सांग, मला तुमच्या गावाकडचं लई ऐकावं वाटतं. ती सांगायला लागली. उठते, अंगण झाडते, चूल पेटवते, पाणी आणते. तू विचारलंस, कशात आणतीस? म्हणाली हंड्यात, डोक्यावर हंडा आणि काखेत कळशी. किती खेपा, ते तिला मोजून सांगता येईना. रांजण भरेपर्यंत, म्हणाली. तू म्हणालीस, अगं मग ते वजनच की. ती तुझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "ते कुठं वजन, बाई? ते तर पाणी."

बाई खोटं बोलत नव्हती. पोतं म्हणजे वजन, मोळी म्हणजे वजन. पाणी म्हणजे काय, ते तर रोजचं. परकर नेसायला लागल्यापासून डोक्यावर. तिला मनात बी आलं नाय की डॉक्टर सांगतो त्याच्यात पाणी असतं. आणि मी त्याच तालुक्याची, माझ्या आईच्या डोक्यावर बी हंड्याच्या चुंबळीनं टक्कल पडलेलं, तरी माझ्या बी मनात आलं नाय. आपण सगळ्या "वजन, वजन" करत होतो आणि पाण्याचं नाव कुणी घेतलं नाय.

मी तिथल्या तिथं निघाले होते डॉक्टरांना सांगायला, की बघा, काय झालंय ते. तू माझा पदर धरून ठेवलास. म्हणालीस, "चतुरा, तू गई तो सवाल चादरी के साथ जाता." म्हणजे मी सांगितलं तर मी कायमची चादरींच्या खोलीत आणि बाई आहे तिथंच. दुसऱ्या दिवशी राउंडला तू मनकर्णाबाईच्या खाटेशी उभी राहिलीस, मान खाली, आवाज असा की जसं काय तुला काहीच कळत नाय. म्हणालीस, साहेब, ही बाई आमच्याशी नीट बोलत नाय, तुम्ही विचारलं तर बोलंल, सकाळपासून घरी काय काय करती एवढंच विचारा. ते चिडले, घड्याळ बघितलं, पण विचारलं. आणि तिनं सगळं सांगितलं, अंगण, चूल, हंडा, कळशी. मागचं एक पोरगं हसलं. डॉक्टरांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं केसपेपरात डोकं घातलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. विहीर किती लांब, म्हणले. ती म्हणाली, जवळच हाय साहेब, वढ्याच्या पल्याड. ते म्हणले, बाई, पाणी बी नाय उचलायचं. तेव्हा ती म्हणाली, "मग प्यायचं काय?"

डॉक्टरांनी तुझ्याकडं बघितलं, आठवतं? तू एवढंच म्हणालीस, घरवाल्याला बोलावू का साहेब, तुमचं ऐकंल. ते म्हणले बोलवा, मी थांबतो. आणि खरंच थांबले, ओपीडी सोडून थांबले. हे त्यांच्या बाजूनं सांगायला पायजे.

सांडू आला. टोपी हातात, भिंतीला टेकून उभा. डॉक्टर म्हणले आजपासून पाणी तू भरायचं. त्यानं मान हलवली. पण आपण आता मान हलवण्याला भुलत नव्हतो. तू विचारलंस कसं भरशील. तेव्हा त्याचं तोंड उघडलं. म्हणाला, बाप्यामाणसानं डोक्यावर हंडा घेतला तर गाव हसंल, पोरीला लावतो. पोरगी त्याची एवढीशी. डॉक्टर ओरडायला लागले, बायको मेली तर गाव रडायला येईल का. बरोबर होतं त्यांचं, पण तो आणखीनच भिंतीत गेला. मी बी दोन शब्द हाणणार होते. तू मधीच विचारलंस, भाऊ, दूध घालता का? आम्ही सगळे तुझ्या तोंडाकडं. तो म्हणाला घालतो, वेरूळच्या हॉटेलांना. कशावर? सायकलवर. किटल्या कुठं लावता? मागं, दोन्ही अंगाला. तू म्हणालीस, मग त्याच किटल्या धुऊन पाण्याच्या लावा की, दूधवाल्याला कोण हसतं? सांडूनं टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाला, हे व्हय, हे करता येईल.

मनकर्णाबाईची दुसरी सुट्टी आपण तेव्हा केली जेव्हा सांडू सायकल घेऊन दवाखान्याच्या फाटकात आला आणि तू जाऊन किटल्या बघून आलीस. पुढं एकदा ती हरभऱ्याचे डहाळे घेऊन आली होती. म्हणाली गावात आता चारदोन बापे सायकलवर पाणी भरतात, माझ्या दुखण्याचा एवढा तरी उपेग झाला. लई हसलो आपण.

आणि बद्रीनाथ डॉक्टर त्यानंतर प्रत्येक बाईला विचारायला लागले, घरी पाणी कोण भरतं? जसं काय त्यांनाच सुचलं. शिकाऊ पोरांना छाती काढून सांगायचे की हा सवाल विचारल्याशिवाय सुट्टी लिहायची नाय. माझ्या अंगाची आग व्हायची. तुला म्हणले, सांग की त्यांना कुणाचा सवाल हाय. तू म्हणालीस, "विचारू दे ना गं. मी विचारलं तर एका वॉर्डात, त्यांनी विचारलं तर सगळ्या दवाखान्यात." मला ते पटायचं नाय. एकदा मी बी तुझ्यासारखं करून बघितलं. नवीन आलेल्या एका डॉक्टरला म्हणले, साहेब, तुम्हीच विचारा. पण माझ्या तोंडून ते असं निघालं की त्याला वाटलं मी हुकूम सोडला. पुन्हा चादरी. तू तोंडात पदर कोंबून हसत होतीस. मला हात जोडायला येत नाईत, जोहरा, जोडले तरी ते टाळी वाजवल्यागत दिसतात.

आता इथलं सांगते. सकाळी डॉक्टर सुट्टी म्हणले आणि पुढच्या खाटेकडं वळले. शहजादी मागं उभी होती. काय बोलली नाय त्यांना अडवून. नुसती म्हणाली, सर, आजी माझं ऐकत नाईत, तुम्हीच एकदा विचारा ना, घरी पाणी कोण भरतं.

माझ्या मांडीवरची पिशवी खाली पडली. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तीच मान खाली, तोच बावळा आवाज. पोरीला मी नंतर विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? म्हणाली, कुणी असं नाय, इथं सगळेच विचारतात, मोठ्या सिस्टर विचारायच्या, त्यांच्या आधीच्या विचारायच्या. मी विचारलं जोहरा सिस्टरचं नाव ऐकलंय का. म्हणाली नाय. बद्रीनाथ डॉक्टर? ते बी नाय. बघ. ना तुझं नाव राहिलं ना त्यांचं, आणि पोरगी रोज विचारती. तेव्हा तुझ्यावर चिडले होते, आज सकाळी पटलं. सांगायची ही एक बातमी होती, लिहून टाकली.

तर डॉक्टरांनी विचारलं. आणि मी म्हणले, कोण भरणार, मीच. आमच्या उस्मानपुऱ्यात नळ आठवड्यानं येतो, कधी त्याहून बी उशिरा. आला की खाली जाऊन पाईप लावायचा, मोटार लावायची, ती पाणी धरती न धरती, वरपर्यंत पाणी चढत नाय म्हणून बादल्या घेऊन जिना. खालचे भाडेकरू गेले तेव्हापासून सगळं एकटीच करते. तो गोळा कशानं आला असं तुला वाटतं? डॉक्टर पुढं गेले होते ते परत आले आणि सुट्टी खोडली. मी म्हणले, अहो मी स्वतः नर्स होते, मला कळतं, मी थोडं थोडं भरीन, लोटालोटानं भरीन. शहजादी म्हणाली, आजी, सगळ्या हेच म्हणतात. आणि म्हणाली, जे कोण पाणी भरणार त्यांना इथं आणा, मी त्यांच्याशी बोलते, मग जा. मी ओरडले, तिला काय काय बोलले. ती ऐकत उभी राहिली आणि मग मला थर्मामीटर लावून गेली. तोंडात थर्मामीटर असला की बोलता येत नाय, हे आपण बी करायचो.

दुपारभर नावं शोधली. लक्ष्मी येईल, पण तिचं घर मोडून येईल, ते मला नको. समोरच्या कुलकर्णीणबाई माझ्याहून म्हाताऱ्या. पैसे देऊन बाई लावली तर नळ यायच्या दिवशी नेमकी तीच येत नाय. शेवटी संध्याकाळी शहजादी आली आणि म्हणाली, मिळालं का कुणी. माझ्या तोंडून निघून गेलं, जोहरा भरती. ती म्हणाली कोण जोहरा, वय काय? मी म्हणले माझ्याएवढीच. ती कमरेवर हात ठेवून हसायला लागली, म्हणाली आजी, मग त्या कशा उचलणार? मी म्हणले, ती कशाला उचलंल? ती शफीकला लावंल, गल्लीतल्या पोरांना लावंल, महापालिकेच्या पाणी सोडणाऱ्या वॉलमनला बी लावंल. तिनं आख्खे डॉक्टर कामाला लावले, बादल्या काय चीज हाय. शहजादी म्हणाली, मग बोलवा त्यांना, मला बी बघायचंय.

गेल्या ईदला तू शीरखुर्म्याचा डबा घेऊन माझा जिना चढून आली होतीस. दमलीस, पाणी प्यालीस, आणि खिडकीत बसून म्हणालीस, चतुरा, तुला इथं दोन खोल्या आणि मला तिथं एक कोपरा, दोघी एकत्र राहिलो तर? मी म्हणले, शीरखुर्म्यात खारीक जास्त झालीय. तू हसलीस, डबा धुऊन घेतलास आणि शेवटची बस पकडायला निघालीस. मी जिन्यापर्यंत बी आले नाय, गुडघे दुखतात म्हणून.

तर पत्र कशासाठी, ते एवढंच. ये. आशाबाईच्या नवऱ्याबरोबर सकाळच्या बसनं ये, तो तुला वॉर्डापर्यंत आणून सोडंल. शहजादी जे बोलंल ते तुला ऐकू येणार नाय, तू हौ हौ कर, तेवढ्यावर ती मला सोडंल. सुट्टीपुरती येऊ नको. येताना तुझी ती पत्र्याची ट्रंक घेऊन ये, शफीक उचलंल. खिडकीजवळची खोली तुला, उन्हं तिथं चांगली येतात. पेरू आण, पिकलेले, कच्चे मला आता चावत नाईत. आणि खारीक जास्त झाली नव्हती.

तुझीच,
चतुरा